कंट्रोल, मोटार, बॅटरी: मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिम शिकवते आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटार-बॅटरीवर संशोधन करते. प्रश्न तीन दिशांनी येतात: विद्यार्थी, त्यांचे आईवडील, आणि नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेली रामबागेतली ओळखीची मंडळी. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

१. मॅडम, ईव्हीवर रिसर्च म्हणजे तुम्ही गाड्या बनवता का?

नाही. गाडीच्या आत दर क्षणाला काही निर्णय होत असतात, ते चांगले कसे व्हावेत हे मी पाहते. चालकाने मूठ पिळली की मोटारीला करंट किती द्यायचा, ब्रेक दाबला की किती ऊर्जा परत घ्यायची, बॅटरीत नक्की किती उरलं आहे. हे ठरवणारं गणित, आणि ते गणित चालवणारी छोटी चिप. आमच्या लॅबमध्ये अख्खी गाडी एकही नाही. टेबलाला बोल्ट करून ठेवलेल्या मोटारी आहेत, आणि पाहुण्यांची त्याने फार निराशा होते.

२. कंट्रोल सिस्टिम म्हणजे काय? गणित न घालता सांगाल का?

संक्रांतीला चिक्कीचा पाक करताना आई काय करते ते आठवा. पाक झाला की नाही हे कढईकडे बघून पक्कं कळत नाही. म्हणून ती एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकते, गोळी बोटांनी दाबते आणि मग गॅस कमी-जास्त करते. मोजलं, हवं त्याच्याशी ताडून पाहिलं, फरकानुसार हात चालवला, पुन्हा मोजलं. याला फीडबॅक म्हणतात.

यात एक गोम आहे. थेंब पाण्यात टाकून गोळी तपासेपर्यंत कढईतला पाक शिजतच असतो. "पाक पुढे गेला" म्हणतात ते यालाच. नवखी सून गोळी कडक लागल्यावर गॅस बंद करते आणि चिक्की दाताने फुटेनाशी होते. आई गोळी थोडी मऊ असतानाच आच उतरवते, कारण बुडबुडे किती वेगाने बदलताहेत यावरही तिची नजर असते. मी सोळा आठवड्यांत जे शिकवते त्याचा गाभा हाच आहे: काय मोजता, किती उशिरा मोजता, आणि उशीर आहे हे माहीत असताना हात कधी आवरता.

३. पीआयडी एवढं जुनं झालं, ते आजही शिकवता? आता तर सगळीकडे एआय आहे.

शिकवते, आणि पुढेही शिकवीन. पीआयडी म्हणजे फीडबॅकवरून किती जोर लावायचा हे ठरवण्याची तीन भागांची रीत. पाकाचंच उदाहरण घ्या (प्रश्न २). हव्या गोळीपासून किती लांब आहोत यावर आच ठरवणं हा ‘पी’. सिलिंडर संपत आला आहे, कितीही वाट पाहिली तरी पाक थोडा कच्चाच राहतो, तेव्हा साचत गेलेली कसर ओळखून आच वाढवणं हा ‘आय’. बुडबुड्यांच्या बदलत्या वेगावरून पुढचा अंदाज घेणं हा ‘डी’. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाचं सुकाणू आपोआप वळवण्यासाठी ही मांडणी केली, तीही मुरलेले सुकाणूवाले काय करतात ते पाहून. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, वाफेच्या इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारे गव्हर्नर मधूनच हेलकावे का खातात यावर मॅक्सवेल यांनी निबंध लिहिला होता.

आजच्या स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये सर्वांत आत बसलेला हिशेब बहुधा ‘पी’ आणि ‘आय’ यांचाच असतो. न्यूरल नेटवर्कला माझा विरोध नाही, दोन विद्यार्थी त्यावरच काम करताहेत. पण ज्याला साधा पीआय नीट लावता येत नाही, त्याने नेटवर्क लावलं की चूक कुठे आहे हे शोधायलाही जागा उरत नाही.

४. विजेच्या गाडीत बॅटरी आणि मोटार एवढंच तर असतं. कंट्रोल लागतं कुठे?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

बॅटरी डीसी देते. मोटारीला तीन फेजचा एसी लागतो, आणि तो एसीही चाक या क्षणी कोणत्या कोनात आहे त्याच्याशी जुळलेला हवा. जुळवणी चुकली तर करंट वाहतो, मोटार तापते, आणि गाडी मात्र जागची हलत नाही. ही जुळवणी करणाऱ्या पद्धतीला फील्ड ओरिएंटेड कंट्रोल म्हणतात. तिची कल्पना अशी: तीन फेजचे वरखाली होणारे करंट बाहेर उभं राहून पाहू नका, रोटरवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावर, बसून पाहा. तिथून ते दोन स्थिर आकडे दिसतात. एक आकडा चुंबकत्वाचा, दुसरा ताकदीचा. स्थिर आकड्याला आवर घालणं सोपं. तुमची मूठ या दुसऱ्या आकड्याची मागणी करत असते.

तीन फेजचे दोन करणाऱ्या पहिल्या पायरीला एडिथ क्लार्क यांचं नाव आहे, रोटरवर बसवणाऱ्या दुसऱ्या पायरीला रॉबर्ट पार्क यांचं (त्यांचा लेख १९२९ चा). क्लार्कबाई १९४७ मध्ये टेक्सास विद्यापीठात इलेक्ट्रिकलच्या प्राध्यापक झाल्या. अमेरिकेत त्या विषयात प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वर्गात साठ मुलं आणि आठ मुली असतात तेव्हा हे मी जरा मोठ्याने सांगते.

हा आतला हिशेब सेकंदाला साधारण दहा हजार वेळा होतो. त्याच्या बाहेर वेगाचा हिशेब, तो बराच संथ. त्याच्याही बाहेर बॅटरीचं तापमान, चढ, ब्रेक. आतलं वर्तुळ चपळ आणि बाहेरचं धीमं, हा क्रम मोडला की दोघं एकमेकांच्या हातातून सुकाणू ओढू लागतात आणि गाडी झटके मारते. "पिकअप चांगला आहे पण कमी वेगाला थरथरते" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांची मोटार ठणठणीत असते.

५. स्कूटर घ्यायची आहे. बीएलडीसी मोटार चांगली की पीएमएसएम?

दोन्हींत कायमचे चुंबक असतात आणि दोन्ही मुळात भावंडंच. बीएलडीसीला करंट टप्प्याटप्प्याने देतात, त्यामुळे कंट्रोलर स्वस्त, पण किंचित गुरगुर. पीएमएसएमला वर सांगितलेला हिशेब लागतो (प्रश्न ४), ती शांत आणि गुळगुळीत चालते. मात्र या एका शब्दावर गाडी निवडू नका. घराजवळ सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी बघा.

६. काट्यावर ४० टक्के होतं आणि दोन चौक गेल्यावर एकदम १५. बॅटरी खराब झाली का?

कदाचित. पण आधी काट्यावर संशय घ्या.

पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो, पातळी दिसते. बॅटरीत असं काहीही नाही. उरलेला चार्ज थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाज करावा लागतो. एक मार्ग म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट जमाखर्चासारखा लिहीत जाणं. त्यात सेन्सरची छोटी चूक साचत जाते. समजा सेन्सर ०.२ अँपिअर चुकीचं दाखवतो आणि डिलिव्हरीवाल्या मुलाची स्कूटर दिवसाला १० तास चालू असते. रोज २ अँपिअर-तासांचा घोटाळा. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर दहा दिवसांत वहीतला आकडा ३३ टक्क्यांनी खोटा!

दुसरा मार्ग म्हणजे व्होल्टेज पाहणं. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान व्होल्टेज जवळजवळ अर्धा व्होल्ट बदलतं, त्यामुळे काही पत्ता लागतो. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी सेलमध्ये त्याच पट्ट्यात ०.१ व्होल्टचाही फरक पडत नाही. सपाट माळावर उभं राहून आपण किती चाललो हे उतारावरून ओळखण्यासारखं ते आहे. मग उताराचं टोक आलं की काट्याला एकदम साक्षात्कार होतो, आणि ४० चे १५ होतात.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही साक्षीदारांचं ऐकायचं, पण प्रत्येकावर किती विश्वास ठेवायचा हे दर वेळी नव्याने ठरवायचं. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेला फिल्टर हेच करतो. अपोलो यानं चंद्राकडे जाताना त्याच पद्धतीने आपली जागा ओळखत होती. माझ्या संशोधनाचा बराच भाग इथे आहे: स्वस्त सेन्सर, छोटी चिप, आणि तरी खोटं न बोलणारा काटा.

तुमच्यासाठी व्यवहाराचं एवढंच: एकदा पूर्ण चार्ज करून काटा ताळ्यावर येतो का पाहा. आला तर बॅटरी ठीक. तरीही आकडा उडत असेल तर एखादा सेल बसला असण्याची शक्यता आहे, दाखवून घ्या.

७. महेश्वरला जाताना मानपूरचा घाट उतरताना बॅटरी किती भरते? मित्र म्हणतो फुकटात दहा टक्के.

मित्राला वही-पेन द्या. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, माळव्याच्या पठारावर. महेश्वर नर्मदेकाठी, सुमारे १५० मीटरवर. उतार ४०० मीटरचा. माणसांसकट १६०० किलोची कार धरा. १६०० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे सुमारे ६३ लाख जूल, म्हणजेच पावणेदोन युनिट. ३० युनिटांच्या बॅटरीत हे सहा टक्क्यांच्या आतच. तेही सगळं परत मिळत नाही. हवेचा रोध आणि टायरचं घर्षण आपला वाटा आधी घेतात, उरलेलं मोटार आणि इन्व्हर्टरमधून बॅटरीत जाताना आणखी झिजतं.

खरा फायदा वेगळाच आहे. ब्रेक तापत नाहीत. त्या घाटात ब्रेक निकामी होऊन ट्रक कुठे कुठे गेलेत हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि येतानाचं विसरू नका: तेच पावणेदोन युनिट चढताना वसूल केले जातात, वर व्याजही लागतं. महेश्वरहून निघताना परतीचा हिशेब जातानाच्या आकड्यावरून करू नका. जाम गेटच्या रस्त्याने आलात तरी उंची तीच, वळणं तेवढी जास्त.

८. घरून शंभर टक्के चार्ज करून निघाले की पहिली काही मिनिटं ब्रेक वेगळा लागतो. दोष आहे का?

दोष नाही. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगने, म्हणजे मोटारीलाच जनरेटर करून वेग कमी करताना, आलेली ऊर्जा घ्यायला कोणीतरी लागतं, आणि भरलेली बॅटरी ती घेऊ शकत नाही. म्हणून कंट्रोलर रीजन बंद ठेवतो किंवा फार कमी करतो, आणि थांबवण्याचं काम पूर्णपणे चाकावरच्या ब्रेकवर येतं. काही टक्के उतरले की नेहमीची पकड परत येते. घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी याच कारणासाठी बॅटरी काठोकाठ भरून उताराला लागू नये.

आपल्या मेट्रोचंही असंच आहे. ३१ मे २०२५ पासून धावणारी ही गाडी थांबताना वीज तिसऱ्या रुळात परत ढकलू शकते, पण त्या क्षणी ती ओढणारी दुसरी गाडी जवळपास हवी.

९. एकजण म्हणतो ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, कंपनी म्हणते पूर्ण करा. कोणाचं ऐकू?

तुमचे सेल कोणते यावर आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलना भरलेल्या अवस्थेत, त्यातून उन्हात, पडून राहणं मानवत नाही. रोजच्या कामाला ८० पुरे. एलएफपी सेल भरलेपणाने एवढे कुरकुरत नाहीत, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या सपाट माळामुळे त्यांचा काटा खरा राहायला अधूनमधून पूर्ण चार्ज लागतोच. म्हणजे दोघंही खरं बोलताहेत, वेगवेगळ्या बॅटरीबद्दल.

१०. मे महिन्यात बाहेरून आल्या आल्या चार्जिंगला लावलं तर चालेल?

अर्धा-पाऊण तास सावलीत थांबू द्या, मग लावा. २०२२ मध्ये स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरीच्या सुरक्षेच्या मानकात दुरुस्त्या होऊन त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. नव्या बॅटऱ्या त्यामुळे जास्त सावध आहेत. जुनी गाडी असेल तर सावधपणा तुम्हालाच करायचा आहे.

११. आमच्या ई-रिक्षाची बॅटरी वर्षभरातच बसते. चांगली कंपनी सुचवा.

कंपनी सुचवत नाही. कारण सांगते.

शिशाच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. चार्जर मोजतो फक्त चौघांची बेरीज. चार भावंडांची उंची एकत्र मोजून "सगळे नीट वाढताहेत" म्हणण्यासारखं ते आहे. एक बॅटरी जरा अशक्त असली की चार्जिंगच्या वेळी ती अर्धवट राहते, चालवताना सर्वांत आधी रिकामी होते, आणि बाकीच्या तिघी तिच्यातून करंट ओढतच राहतात. त्यात दिवसभर फेऱ्या, रात्री वीज गेली म्हणून अपुरं चार्जिंग, पाण्याची पातळी कोणी न पाहिलेली. अर्धवट चार्ज राहिलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत.

महिन्यातून एकदा चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. एखादी वेगळी वागत असेल तर वेळेत कळेल. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी चारही बॅटऱ्यांवर लक्ष ठेवणारं छोटं सर्किट बनवलं. दिसायला साधं, पण त्या बॅचचं मला सर्वांत आवडलेलं काम तेच.

१२. ईव्हीत करिअर करायचं आहे. कोणते विषय पक्के हवेत? मेकॅनिकलवाल्याला जमेल का?

जमेल. गाडीचं वजन, टायर, चढ यांची समीकरणं मेकॅनिकलच्या मुलांना आमच्यापेक्षा सहज सुचतात. त्यांनी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला घाबरू नये एवढंच. इलेक्ट्रिकलच्या मुलांना सांगणं: मशीन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल आणि थोडं सी प्रोग्रामिंग. "मॅडम, ईव्ही आवडते पण कंट्रोल नको" असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. पोहे हवेत पण फोडणी नको, असं इंदुरात कोणी म्हणेल का?

१३. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. काय वापरू?

सायलॅब, ऑक्टेव्ह किंवा पायथन. तिन्ही फुकट, आणि बी.ई.च्या पातळीवर काही अडत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. हे सांगितल्यावर मुलांपेक्षा त्यांच्या आयांनाच जास्त कौतुक वाटतं.

१४. पीथमपूर एवढं जवळ आहे. आमचा प्रोजेक्ट तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर चालवता येईल का?

तो जून २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे कंपन्या ठरवून, पैसे भरून चाचण्या घेतात. सायकलला मोटार बसवून गेटवर उभं राहिल्यास चहासुद्धा मिळणार नाही. तिथे होणाऱ्या चाचणीतली एक कल्पना मात्र तुम्ही कॉलेजच्या आवारातही वापरू शकता: सपाट रस्त्यावर ठरावीक वेग गाठा, मोटार बंद करा, आणि वेग कसा उतरतो ते दर सेकंदाला नोंदवा. वेग जास्त असताना घट कशी आणि कमी असताना कशी, यावरून हवेचा आणि टायरचा रोध वेगळे काढता येतात. चारशे रुपयांच्या सेन्सरवर होणारा प्रयोग आहे हा. दोन्ही दिशांनी करा, नाहीतर न दिसणारा उतार आणि वारा तुम्हाला फसवतील.

१५. बाबांची जुनी स्कूटर इलेक्ट्रिक करायची आहे. मुलं करून देतील का?

आवारात चालवण्यापुरता प्रोजेक्ट म्हणून हो. रस्त्यावर आणायची असेल तर नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने (पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक) मंजूर केलेलं किट, अधिकृत ठिकाणी बसवणं आणि आरटीओत नोंदणीवर इंधनाचा प्रकार बदलून घेणं, हे तिन्ही लागतं. त्यातलं एक जरी राहिलं तरी अपघातानंतर विमावाले हात वर करतात. बाबांची आठवण आहे हे मला कळतं. पण त्या गाडीचे ब्रेक मूळच्या वजनासाठी आहेत, आणि सीटखाली पंचवीस किलोची बॅटरी आली की गाडी वेगळी होते.

१६. फीडबॅक असला म्हणजे सिस्टिम सुरक्षितच, ना?

चिन्ह (अधिक की उणे) बरोबर असेल तर.

शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. डीसी मोटारीच्या वेगाचा प्रयोग होता. वेग मोजणाऱ्या टॅकोजनरेटरच्या दोन तारा मीच घाईत उलट जोडल्या. मोटार फिरू लागली, कंट्रोलरला वाटलं ती उलटी फिरते आहे, म्हणून त्याने आणखी जोर लावला. ती जितकी पळाली तितका फरक त्याला मोठा दिसला, आणि त्याने जोर आणखी वाढवला. टेबल थरथरायला लागलं. मी समीकरण आठवत उभी होते. मागच्या बाकावरच्या, एरवी वही न आणणाऱ्या मुलाने उठून मेन स्विच पाडला. तेव्हापासून पहिल्या प्रॅक्टिकलला मी एकच गोष्ट करून घेते: फीडबॅकची तार जोडण्याआधी मोटार हाताने फिरवा आणि मीटरचा काटा कोणत्या बाजूला जातो ते बघा.

तार उलटी जोडली तर लगेच दिसतं. तुटली तर जास्त घातक, कारण कंट्रोलरला वेग शून्यच दिसतो आणि तो निरागसपणे पूर्ण ताकद लावतो. म्हणून चांगल्या गाडीत मुठीचे सेन्सर दोन असतात. दोघांचं जमलं नाही तर गाडी आपणहून मागणी कमी करते.

१७. तुम्ही मराठीतून शिकवता का? पीएचडीला घेता का?

वर्ग हिंदी-इंग्रजीच्या इंदुरी मिसळीत चालतो, मराठी वर्गाबाहेर. पीएचडीसाठी विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया आहे, ती पार पाडून या. येताना स्वतः केलेला एक तरी प्रयोग आणा, फसलेला असला तरी चालेल. का फसला हे सांगता आलं पाहिजे.

१८. बंद पडलेली स्कूटर ढकलताना चाक जड लागतं, जणू कोणी आतून ब्रेक दाबतंय. किल्लीही काढलेली आहे. असं का?

चाकातली चुंबकाची मोटार हाताने फिरवली की ती जनरेटर होते. तिच्या तीन तारा एकमेकींना टेकलेल्या नसतील तर करंट वाहत नाही आणि चाक बऱ्यापैकी हलकं फिरतं. चुंबकांची थोडी टकटक जाणवते तेवढीच. पण कंट्रोलरमधला एखादा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झाला असेल तर त्या तारांना आतून रस्ता मिळतो, करंट फिरतो आणि चाकाला विरोध करतो. पाहायचं असेल तर कंट्रोलरकडून येणाऱ्या मोटारीच्या तीन जाड तारा सोडवून वेगळ्या ठेवा आणि चाक फिरवा. हलकं झालं तर कंट्रोलर गेला. तसंच जड राहिलं तर मोटारीची वाइंडिंग, बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक बघा. तारा सोडवण्याआधी बॅटरीचा एमसीबी पाडायला विसरू नका. आणि अशी गाडी दोरीने बांधून दुसऱ्या गाडीमागे वेगात ओढू नका: वेगाबरोबर मोटारीचं व्होल्टेज वाढतं आणि जो भाग अजून जळलेला नाही तोही जातो. छोटा टेंपो बोलवा.